कोरड्या मातीत खुरपणारा माणूस

हिरव्या पातळाचा काठ फाटल्याचं मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते पातळ मी त्या शनिवारी बरोबर आणलंही नव्हतं. नगरला होस्टेलच्या खोलीत ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवलं होतं. तरी मी हातपाय धुऊन चुलीपाशी टेकले, पहिला घास मोडला, तोच आई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या हिरव्या पातळाचा काठ फाटलाय न्हवं? फुडच्या खेपेला घेऊन ये. त्या रंगाचा दोरा हाय माझ्याकडं."

मी "बरं" म्हणून गेले आणि मग घास हातातच राहिला. हिला कसं कळलं? मी तिच्याकडे पाहिलं. ती भाकरी उलथत होती. तिच्या तोंडावरून काही ओळखू येत नव्हतं, पण तिने माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

तो बहात्तरचा पावसाळा होता; म्हणजे नावाला पावसाळा. श्रीगोंदा तालुक्यातलं आमचं गाव, विहिरीवरची लिंबोणीची बाग, आणि थोरल्या चुलत्यांच्या हाताखाली चालणारं घर. त्या जूनमध्ये मी नगरच्या कॉलेजात सायन्सला नाव घातलं होतं. आमच्या गावातून तोवर कॉलेजला मुलगी गेलेली नव्हती. चुलत्यांना आम्ही नाना म्हणायचो. नाना म्हणाले होते, "शाळा झाली, बास झालं. पोरगी नगरला ठिवायची म्हंजे रोज उठून कानोसा घ्यायचा. कुनी घ्यायचा?" त्यावर माझे वडील, आबा, जे नानांपुढे कधी तोंड उघडत नसत, ते म्हणाले, "मी घेतो. जबाबदारी माझी."

मला तेव्हा ते ऐकून फार भरून आलं होतं. 'मी घेतो' या दोन शब्दांचा अर्थ काय, हे मला पावसाळा सरेपर्यंत कळायचं होतं.

पहिला संशय मी घेतला तो खोलीतल्या मैत्रिणीचा. ती नगरजवळचीच, मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी. तिला माझी ट्रंक, माझं येणंजाणं, सगळं दिसत होतं. शिवाय तिच्या वडिलांची ओळख एसटीतल्या लोकांशी होती, आणि आमच्या गावाला जाणारी गाडी नगरहूनच सुटायची. मला वाटलं, हिच्याकडून कंडक्टरला आणि कंडक्टरकडून घरी. दुसरा संशय होस्टेलमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा. त्या आमच्याच तालुक्यातल्या होत्या आणि कुणाच्या ताटात काय उरलं हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

मी एक युक्ती केली. मैत्रिणीला सांगितलं की माझी खो-खोच्या संघात निवड झालीय. स्वयंपाकाच्या बाईंना सांगितलं की माझं पोट चार दिवस दुखतंय, तिखट कमी घाला. दोन्ही साफ खोटं. मग घरी गेले आणि वाट पाहत बसले. आईने पोटाचं विचारलं नाही. खो-खोचा विषय कुणी काढला नाही. रविवारी दुपारी परत निघाले तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं. पण गाडीच्या थांब्यापर्यंत आबा पोचवायला आले, पिशवी माझ्या हातात देताना त्यांनी रस्त्याकडे बघत विचारलं, "ते केमिष्ट्री का काय म्हनत्यात, ते लई अवघड असतं का?"

मी पिशवी घेता घेता थांबले. "का?"

"न्हाई, आपलं इचारलं."

गाडी सुटली, आणि अख्खा रस्ताभर मी खिडकीबाहेर पाहत बसले. बाहेर काही बघण्यासारखं नव्हतं. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या आणि गाडी जवळ आली की तोंडावर पदर घेत होत्या.

केमिस्ट्रीचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मैत्रिणीलाही नाही, तिचा वर्ग वेगळा होता. गोष्ट अशी होती की मी केमिस्ट्रीच्या तासाला बसतच नव्हते. अकरावीपर्यंत मी सगळं मराठीत शिकले होते. मार्कही चांगले होते. इथे पहिल्याच दिवशी सर आले, इंग्रजीत बोलायला लागले आणि तास संपेपर्यंत थांबले नाहीत. मला वाटलं, आज पहिला दिवस म्हणून असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. फिजिक्सचे सर अधूनमधून मराठीवर यायचे, गणितात आकडे तरी ओळखीचे होते. केमिस्ट्रीत मला फक्त 'अँड' आणि 'देअरफोर' कळत होतं. एकदा सरांनी मला उभं करून प्रश्न विचारला. प्रश्न काय आहे हेच कळलं नाही. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. त्यानंतर तो तास आला की मी वह्या छातीशी धरून लायब्ररीच्या मागे जायची. तिथे एक कडुनिंब होता, तारेचं कुंपण होतं आणि पाणी नसलेला हौद होता. त्या कुंपणाच्या तारेलाच माझं हिरवं पातळ अडकून फाटलं होतं.

म्हणजे जो कोणी होता, त्याने मला तिथे पाहिलं होतं.

आता मी तिथे बसल्या बसल्या आजूबाजूला बघायला लागले. आणि मग मला कॉलेजचा माळी दिसला. तो आधीही तिथे असायचा, पण माळ्याकडे कोण बघतं? उंच, वाळकासा, डोक्याला मळका टॉवेल गुंडाळलेला माणूस. कुंपणाकडेला उकिडवा बसून तो खुरपत होता. त्या वर्षी नगरला प्यायच्या पाण्याची मारामार होती. कॉलेजची बाग वाळून गेली होती. त्या कुंपणाकडेला तर गवताचं पातंही नव्हतं. आणि हा माणूस त्या कोरड्या मातीत खुरपत होता. माझा तास सुटेपर्यंत.

मी परीक्षा पाहायची म्हणून दुसऱ्या दिवशी हौदाच्या पलीकडे जाऊन बसले. काही वेळ गेला. मग हौदाच्या कडेने तो आला, माझ्यापासून बऱ्याच अंतरावर बसला आणि पुन्हा खुरपं चालवायला लागला. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यामुळे मी जास्तच घाबरले. बघणाऱ्या माणसाचं काय ते कळतं तरी. न बघता मागे येणाऱ्याच्या मनात काय असेल, याचा अंदाज बांधता येईना. मी उठून जवळजवळ पळतच होस्टेलवर आले.

मैत्रीण खोलीत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. "काय झालं?"

जिच्यावर मी इतके दिवस संशय घेतला होता तिलाच शेवटी मी सगळं सांगितलं. माळ्याचं सांगताना केमिस्ट्रीचंही सांगावं लागलं. ती हसली नाही. म्हणाली, "केमिस्ट्रीचं आपण नंतर बघू. आधी रेक्टर बाईंकडे चल."

रेक्टर बाई कडक होत्या. पांढरं पातळ, जाड काचांचा चष्मा, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पापणी न हलवण्याची सवय. त्यांनी ऐकून घेतलं आणि शिपायाला पाठवून माळ्याला बोलावलं. तो दारातच उभा राहिला, खुरपं मागे धरून.

"या मुलीच्या मागे मागे का जाता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

माळी माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, माझ्या मनात वंगाळ काय न्हाई. मला बी लेकी हायेत. हिच्या वडलांनी सांगितलंय म्हनून."

"काय सांगितलंय?"

"लक्ष ठिवा म्हनून. ही कुठं बसती, कोन भेटतं, तेवढं बघायचं. कोनचा तास चुकवती, ते शिपायाला इचारून सांगितलं. दर सोमवारी येत्यात ते, लिंबाच्या गोण्या घेऊन. मागल्या फाटकाशी. दोन शब्द बोलत्यात आन् जात्यात."

मला खोलीतला पंखा, टेबल, बाई सगळं लांब गेल्यासारखं वाटलं. आबा दर सोमवारी नगरला येत होते हेच मला ठाऊक नव्हतं. लिंबं व्यापाऱ्याचा माणूस घेऊन जातो, असं घरी म्हणायचे. म्हणजे सोमवारी सोमवारी ते माझ्या होस्टेलपासून हाकेच्या अंतरावर उभे राहत होते आणि मला न भेटता परत जात होते. शनिवारी मी घरी जायची तेव्हा त्यांना माझा आठवडा आधीच पाठ असायचा.

बाईंनी माळ्याला जायला सांगितलं. मग मला म्हणाल्या, "सोमवारी त्यांना इथे घेऊन यायचं."

सोमवारी मी मागच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. आबा आले. मला बघून ते थांबले, मग चालत आले. धोतर, सदरा, डोक्याला फेटा, हातात भरलेली पिशवी. गोण्या बाजारात टाकून आले असावेत, अंगाला लिंबाचा वास येत होता.

"तू इकडं कशी?" ते म्हणाले.

"रेक्टर बाईंनी बोलावलंय तुम्हाला."

ते माझ्याबरोबर निघाले. वाटेत माळी दिसला, त्याने मान खाली घातली.

बाईंनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. बाई म्हणाल्या, "तुमचा मुलीवर विश्वास नव्हता तर पाठवलंत कशाला?"

"पोरीवर हाय की," आबा म्हणाले. "गाव माझ्या तोंडाकडं बघतंय बाईसाहेब. थोरला भाऊ बघतोय. कुनी काय इचारलं तर मला सांगता आलं पायजे. ऐकीव सांगून भागत न्हाई."

"मग ती तासाला बसत नाही हे तुम्हाला कधी कळलं?"

आबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "झालं की महिनाभर."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"घरात बोललो असतो तर भिंतीला कान. त्याच रातीला हिचं सामान परत आलं असतं." त्यांनी फेटा सारखा केला. "आनि हिला इचारायचं तर... काय इचारायचं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग यांना, का बसत नाहीस ते."

मला बोलायचं नव्हतं. मी इतकी चिडलेली होते की बोलले असते तर रडले असते. पण बाईंची पापणी हलेना. मी म्हटलं, "सगळं इंग्रजीत शिकवतात. मला काही कळत नाही."

आबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. "इंग्रजीत? समदं?"

"सगळं."

"सर बोलत्यात ते बी?"

"हो."

"आन् पुस्तक?"

"तेही."

ते खुर्चीवर बसले. त्यांना हे खरोखरच माहीत नव्हतं. कॉलेज म्हणजे मोठी शाळा, वर्ग मोठे, मास्तर मोठे, एवढीच त्यांची कल्पना होती. मला त्यांच्या चेहऱ्यावर एक गोष्ट दिसली ती मला मुळीच आवडली नाही. त्यांना बरं वाटलं होतं. सुटका झाल्यासारखं.

बाईंनी मला सांगितलं की उद्यापासून तासाला बसायचं, कळो न कळो; आणि केमिस्ट्रीच्या सरांशी त्या बोलतील. आबांना त्या म्हणाल्या, "सोमवारी येता ना, मग पुढच्या फाटकाने या. भेटीची खोली आहे. मुलीला भेटा. माळ्याला नको."

मी त्यांना एसटी स्टँडपर्यंत पोचवायला गेले. भर दुपार होती. चालता चालता मी विचारलं, "तुम्हाला काय वाटलं होतं? मी तिथं कुणाची वाट बघत बसते?"

ते चालत राहिले.

"आबा, मी विचारतेय."

"वाटलं ते वाटलं," ते म्हणाले. "माळ्यानं सांगितलं, कुनी येत न्हाई, एकलीच बसती. तरी वाटायचं, आज न्हाई तर उद्या येईल."

"आईला पण हेच वाटलं?"

"तिला म्या सांगितलंच न्हाई तसलं. पातळाचं सांगितलं फकस्त. पातळ फाटल्यालं ठावं असावं तिला, म्हनून."

गाडीत बसताना त्यांनी खिडकीतून पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा पुढे केल्या. मी घेतल्या. पण बोलले नाही. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. घरी जायची, कामाचं तेवढं बोलायची. ज्या माणसाने माझ्यासाठी नानांसमोर तोंड उघडलं, त्यानेच माझ्यामागे माणूस लावला, या दोन गोष्टी मला एकत्र धरता येईनात. आजही मी असं म्हणणार नाही की त्यांनी बरोबर केलं.

पण ते सोमवारी येत राहिले. भेटीच्या खोलीत लाकडी बाकं होती आणि भिंतीवर नियम लावलेले होते. आबा बाकाच्या टोकाला बसायचे, मी दुसऱ्या टोकाला. पहिल्या सोमवारी त्यांनी जेवणाचं विचारलं आणि मग उन्हाचं विचारलं. विषय संपले. ते उठून गेले. दुसऱ्या सोमवारी म्हणाले, "त्या तासाला बसलीस का?"

"बसले."

"कळलं?"

"नाही."

"मग?"

"मग उद्या परत बसणार."

त्यांनी मान हलवली. पुढच्या वेळी ते म्हणाले, "काय कळलं न्हाई ते मला सांग."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"मला न्हाईच कळनार. पन तू सांग."

मी रागाच्या भरातच सांगायला लागले. अणू, त्यांचं एकमेकांशी जुळणं, कोण किती जणांशी जुळतो. मराठीत सांगायला लागल्यावर मध्येच अडले, कारण तिथे मलाच समजलेलं नव्हतं. आबा भिंतीवरचे नियम वाचत असल्यासारखे बसले होते. ते गेल्यावर मी पुस्तक उघडून नेमकं तेवढंच शोधलं आणि मैत्रिणीकडून ते पान समजून घेतलं. ती संध्याकाळी मला इंग्रजी वाचून अर्थ सांगायची आणि मी तिला गणित शिकवायची. सरांनीही बाईंचं ऐकून की काय, मला तासानंतर थांबून विचारायला सांगितलं. असं करत करत गाडं हललं.

आबांचा संशय काही गेला नाही. माणूस एवढ्याने बदलत नाही. एकदा मैत्रिणीला भेटायला तिचा भाऊ आला, आमच्या समोरच्या बाकावर बसला. आबांनी माझं बोलणं अर्धवट थांबवलं.

"ह्यो कोन?"

"तिचा भाऊ."

"सख्खा?"

"सख्खा."

तरी तो जाईपर्यंत आबा उठले नाहीत. त्यांची गाडी चुकली.

दिवाळीत मी घरी होते. फराळ करताना नानांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय म्हनतंय कालिज? जमतंय का उगंच?" मी ताटाकडे बघत बसले. मला वाटलं, आता आबा मान खाली घालतील. आबा म्हणाले, "समदं इंग्रजीत असतंय नाना. पुस्तकं बी, मास्तर बी. कळाया येळ लागतोय. पर बसती ती तासाला. मी बघतो की जाऊन." नाना म्हणाले, "इंग्रजीत?" आणि लाडू तोडायला लागले. आईने माझ्या ताटात आणखी चकल्या वाढल्या. त्या रात्रीपासून मी आबांशी पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागले. पहिल्यासारखी म्हणजे अगदी तशी नाही. आता एखादी गोष्ट त्यांना दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगून टाकायची.

तो उन्हाळा वाईट गेला. विहीर आटली, बागेतली निम्मी झाडं वाळली, आणि लिंबं नसताना आबांना सोमवारी नगरला यायचं काही कारण उरलं नाही. तरी ते आले. कधी एसटीने, कधी कुणाच्या ट्रकमधून. मी पास झाले. केमिस्ट्रीत काठावर, पण झाले.

पुढच्या जूनमध्ये कॉलेज उघडलं, तेव्हाचा एक सोमवार आठवतो. भेटीच्या खोलीत पाथर्डीकडचे एक गृहस्थ मुलीला सोडायला आले होते. मुलगी आत सामान लावत होती आणि ते बाकावर अवघडून बसले होते. आबांना पाहून त्यांना धीर आला असावा. सरकून जवळ आले.

"तुमची बी हितंच हाय का?"

"व्हय. दुसरं वरीस."

"मग हितं लक्ष कोन ठिवतं?" त्यांनी आवाज खाली आणला. "आपल्यातलं कुनी हाय का? शिपाई, माळी, असं कुनी?"

मी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"न्हाई," आबा म्हणाले. "कुनी न्हाई. सोताच येत जावा. आन् तिलाच इचारा."

"तिलाच? ती खरं सांगंल व्हय?"

"पैल्यांदा न्हाई सांगत," आबा म्हणाले. "फुडं सांगत्यात."

त्या गृहस्थांना ते पटलं नाही. त्यांनी आबांकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आपली पिशवी उचलून हळूच पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.